नक्कल आणि असत्य

महाबळेश्वराहून प्रतापगड पाहावयास जाणाऱ्या प्रवाशास वाघनखांच्या नकला विकत मिळतात. अशा नकला करणें व विकणें हा लबाडीचा धंदा आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दोष नकलेंत नसून तिला अस्सल म्हणण्यांत आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानें २०२४ सालीं ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेलीं वाघनखें साताऱ्यास पाठविलीं. परंतु १६५९ सालीं अफजलखानावर चाललीं तीं हींच, असें खात्रीनें सांगतां येत नाहीं, हें त्यानेंच कबूल केलें. मग 'ही नक्कल आहे' एवढें सांगण्यांत दुकानदारास कमीपणा कां वाटावा? आणि आपली भक्ति पोलादाच्या जुनेपणावर अवलंबून आहे काय, हें गिऱ्हाइकानेंही स्वतःस विचारावें.