हात लागलेला घोडा

मे महिन्याच्या सुटींत एखाद्या जिल्ह्याच्या गांवीं भरलेली मुलांची बुद्धिबळ-स्पर्धा ज्यानें पाहिली नसेल, त्यानें ती एकदां अवश्य पाहावी. मंगल कार्यालयाच्या दालनांत लांबच लांब टेबलें मांडलेलीं असतात. त्यांवर गुंडाळून ठेवतां येणारे पट, प्लास्टिकचीं मोहरीं, प्रत्येक पटाशेजारीं दोन तोंडांचें घड्याळ, आणि दोन्ही बाजूंस, ज्यांचे पाय अजून जमिनीला टेकत नाहींत, अशीं मुलें. पंचांनीं आरंभाची सूचना देतांच शंभर-दीडशें चिमुकले हात एकमेकांना मिळतात. आणि ज्या दालनांत काल सनई वाजत होती, तेथें घड्याळाची कळ दाबल्याचा आवाज तेवढा ऐकूं यावा, इतकी शांतता पसरते. आईबापांस आंत प्रवेश नसतो. तीं बाहेर जिन्यावर किंवा झाडाखालीं डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळीत बसतात, आणि दार उघडून मूल बाहेर आलें, कीं त्याच्या चेहऱ्यावरून निकाल वाचूं लागतात.

महाराष्ट्राला हें दृश्य अगदींच नवें नाहीं. सांगलीसारख्या गांवांत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या ध्यासानें नूतन बुद्धिबळ मंडळ वाढलें, आणि पुढें महिला ग्रँडमास्टर झालेल्या स्वाती घाटे याच गांवच्या. रोहिणी खाडिलकर १९७६ सालीं राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें तेरा होतें. २०२५ च्या जुलै महिन्यांत नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखनें जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला. अशा वार्ता घरोघर पोहोंचल्यावर आईबापांनीं मुलांस पटाशीं बसवावें, यांत नवल कसलें? या खेळानें मुलांची बुद्धि तीक्ष्ण होते, चित्त एकाग्र होतें, हार पचविण्याची संवय लागते, असें आपण सर्वजण म्हणतों, आणि त्यांत पुष्कळ तथ्यही असेल. परंतु आमच्यापुढें आलेला प्रश्न याहून निराळा आहे. हा खेळ मुलाला खरें बोलावयास शिकवितो काय? आणि शिकवीत असेल, तर त्या धड्याच्या वेळीं आपण वडील माणसें कोणत्या बाजूस उभीं असतों?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकांत भेटला नाहीं. अशाच एका स्पर्धेंत तो दार उघडून आमच्यापुढें येऊन उभा राहिला. अकरा वर्षांखालील गटाची पांचवी फेरी चालू होती. आमचा नातू बाहेर आला आणि "जिंकलों" म्हणाला; पण तो चेहरा जिंकलेल्या मुलाचा नव्हता. त्याला बाजूला नेऊन विचारलें, तेव्हां हकीकत कळली. डावाच्या मध्यावर त्यानें खेळावयाचा म्हणून घोडा धरला. धरतांच त्याच्या लक्षांत आलें, कीं घोडा हलला तर मागचा वजीर जातो. त्यानें हात काढून घेतला आणि शेजारचें प्यादें पुढें सरकविलें. समोर तालुक्याच्या गांवाहून आलेला एक मुलगा होता. तो म्हणाला, "घोड्याला हात लागला." त्यानें हात वर करून पंचांना बोलाविलें. पंच आले, त्यांनीं दोघांनाही विचारलें. एक म्हणाला, लागला. दुसरा म्हणाला, नाहीं. शेजारच्या पटांवरील मुलें आपापल्या डावांत गुंतलेलीं. कोणींच कांहीं पाहिलेलें नव्हतें. साक्ष नाहीं, पुरावा नाहीं. अशा वेळीं पंचांनीं दुसरें काय करावें? त्यांनीं डाव पुढें चालूं ठेवण्यास सांगितलें, आणि वाचलेल्या वजिराच्या बळावर आमच्या नातवानें तो जिंकला.

"आजोबा," तो हळूच म्हणाला, "हात लागला होता."

आम्हीं काय केलें, तें लिहितांना संकोच वाटतो. आम्हीं प्रथम इकडे तिकडे पाहिलें, कोणी ऐकलें तर नाहीं ना म्हणून. आणि मग म्हणालों, "आतां निकाल लागलाय. पुढच्या डावाकडे लक्ष दे."

जाणकार वाचकांची क्षमा मागून येथें नियम सांगतों. बुद्धिबळाच्या जागतिक नियमांच्या चौथ्या कलमाप्रमाणें, खेळण्याची पाळी असतांना आपल्या ज्या मोहऱ्याला हेतुपुरस्सर हात लावला, तें हलवितां येण्याजोगें असेल तर तेंच हलविलें पाहिजे. प्रतिपक्षाच्या मोहऱ्याला लावला, तर शक्य असल्यास तेंच मारलें पाहिजे. घरांत ठेवून हात सोडला, कीं तें त्याच खेळींत दुसऱ्या घरीं नेतां येत नाहीं. वांकडें बसलेलें मोहरें सरळ करावयाचें असेल, तर आधीं तसें सांगावें लागतें. वरवर पाहतां हा नियम कठोर वाटतो. पण त्याच्या मुळाशीं मोठा विचार आहे. मनांतल्या मनांत खेळाडूनें हजार खेळ्या कराव्या आणि हजार मोडाव्या; त्याला कोणाची आडकाठी नाहीं. विचार कोठें संपला आणि कृति कोठें सुरू झाली, हें मात्र कोठें तरी ठरलें पाहिजे. ती सीमा बोटाच्या टोकावर आंखलेली आहे. मोहऱ्याला लावलेला हात हा बोटानें दिलेला शब्द होय.

या नियमाची आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. नियमबाह्य खेळी केली, तर ती पटावर दिसते. वेळ संपला, तर घड्याळ दाखवितें. खेळ्यांच्या क्रमाविषयीं वाद निघाला, तर दोघांनीं लिहिलेले कागद असतात. स्पर्शाचा मात्र कोठेंही डाग उरत नाहीं. हात मागें घेतला, कीं घोडा जसा होता तसाच उभा. त्या क्षणाचे साक्षी दोनच, आणि दोघांचाही त्यांत स्वार्थ गुंतलेला. पुष्कळ मुलांच्या आयुष्यांत, आपण जें बोलूं त्यावरच सत्य टिकेल किंवा नष्ट होईल, असा हा पहिलाच प्रसंग असेल.

आमच्या एका वकील स्नेह्यांस ही हकीकत सांगितली, तेव्हां त्यांनीं आमच्या संकोचाची थट्टाच केली. त्यांचें म्हणणें असें : खेळ म्हणजे नियम, आणि नियम लागू करणारा पंच. पंचापुढें जें सिद्ध झालें नाहीं, तें खेळापुरतें घडलेंच नाहीं. आपल्या संविधानाचा विसावा अनुच्छेद आरोपीवरही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करीत नाहीं. मग दहा वर्षांच्या पोरानें पंचांपुढें आपला वजीर स्वतःच्या हातानें कां द्यावा? क्रिकेटमध्यें चेंडू बॅटीला निसटता लागून गेल्याचें ठाऊक असूनही फलंदाज पंचाच्या बोटाची वाट पाहत उभा राहतो. त्याला कोणी खोटारडा म्हणत नाहीं.

हा युक्तिवाद हलका नाहीं. कित्येक दिवस आम्ही त्याच्या आधारानें निजलों. परंतु तो पुरा पडत नाहीं. घटनेनें दिलेलें तें संरक्षण एकट्यादुकट्या माणसाला राज्याच्या प्रचंड सामर्थ्याविरुद्ध दिलेलें आहे. पटाच्या पलीकडे राज्य बसलेलें नव्हतें, पहांटेची एस. टी. धरून आलेला, तेवढ्याच वयाचा दुसरा एक मुलगा बसला होता, आणि खऱ्या निकालावर त्याचा आमच्या नातवाइतकाच हक्क होता. शिवाय तें संरक्षण मौनाचें आहे, असत्याचें नव्हे. उभा राहणारा फलंदाज निदान गप्प असतो. आमच्या नातवाला सरळ प्रश्न विचारला गेला आणि त्यानें "नाहीं" असें उत्तर दिलें. आणि सर्वांत बोंचणारी गोष्ट पुढेंच आहे. त्या "नाहीं"नें समोरच्या मुलाचा केवळ डाव गेला नाहीं. पंचांच्या, शेजाऱ्यांच्या आणि कदाचित् बाहेर वाट पाहणाऱ्या त्याच्या बापाच्याही दृष्टीनें तो खोटी तक्रार करणारा ठरला. गेलेला डाव पुढच्या फेरींत भरून काढतां येतो. गेलेला शब्द कोणत्या फेरींत भरून काढावा?

हें केवळ पोरांचेंच दुखणें आहे असेंही नाहीं. १९९४ सालीं स्पेनमधील लिनारेस येथील स्पर्धेंत गॅरी कास्पारोव्ह आणि सतरा वर्षांची युडिट पोल्गार यांचा डाव झाला. कास्पारोव्हनें घोडा एका घरांत ठेवला, क्षणभर हात सोडला, आणि चूक दिसतांच तो उचलून दुसऱ्या घरीं नेला. पोल्गारनें त्या वेळीं तक्रार केली नाहीं. ती तो डाव हरली. मागाहून चित्रफीत पाहतां, बोटें सुमारें पाव सेकंद घोड्यापासून सुटलेलीं दिसलीं. आपलीं बोटें सुटल्याची जाणीवच आपणांस झाली नव्हती, असें कास्पारोव्हचें म्हणणें पडलें. एका बाजूस जगाचा अग्रगण्य खेळाडू, दुसऱ्या बाजूस कोंवळ्या वयाची मुलगी. "तुम्हीं हात सोडला" एवढे तीन शब्द उच्चारावयास तिला त्या क्षणीं किती बळ लागलें असतें, याची कल्पना करावी. तालुक्याच्या गांवाहून आलेल्या त्या मुलानें तेवढें बळ दाखविलें होतें, आणि त्याच्या पदरीं आम्हीं काय घातलें?

कास्पारोव्हचें म्हणणें खोटेंच होतें, असें ठरविण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. उलट त्यांत मनाच्या एका खऱ्या व्यापाराची खूण आम्हांस दिसते. भीतीच्या क्षणीं मन आधीं आपल्याला फसवितें आणि मग आपण दुसऱ्याला. "हात लागला" पासून "लागला, पण धरला नव्हता", आणि तेथून "लागलाच नव्हता" हा प्रवास दहा वर्षांचें मूल एका श्वासांत करतें. धर्मराजाचा रथ भूमीपासून चार अंगुळें वर चालत असे, आणि अश्वत्थामा नांवाच्या हत्तीची वार्ता सांगतांच तो जमिनीला टेकला, अशी कथा आपण मुलांस सांगतों. त्या वार्तेंतला शब्द न् शब्द खरा होता. रथ खालीं आला तो हेतूमुळें. जें धर्मराजाला साधलें नाहीं, तें पोराला साधलें नाहीं म्हणून त्याला खोटारडा ठरवून मोकळें होणें सोपें आहे. पण पोराला बाहेर आल्यावर राहवलें नाहीं. त्यानें सत्य आमच्या हातीं आणून दिलें. तें खालीं टाकलें आम्हीं.

म्हणून या प्रश्नांत मुलांपेक्षां वडिलांचीच झडती अधिक घेतली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. स्पर्धेचें प्रवेशशुल्क आपण भरतों, शिकवणीची फी आपण देतों, रजा काढून परगांवीं आपण जातों. आणि हें सर्व आपण मुलाच्या खांद्यावर न बोलतां ठेवतों. मानांकनाचा आंकडा किती चढला, किती उतरला, याची चौकशी नातेवाईकही करूं लागतात. मूल दारांतून बाहेर येतांच आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "जिंकलास का?" ज्या मुलाला हा प्रश्न शेंकडों वेळां विचारला गेला आहे, त्याला पंचांनीं "हात लागला का?" असें विचारलें, तर त्याच्या कानांवर कोणता प्रश्न पडत असेल? "नाहीं" हें उत्तर त्या क्षणीं पटावर जन्मलेलें नसतें. तें आपल्या घरांत पूर्वींच तयार झालेलें असतें.

यावर उपाय म्हणून मोठे उपदेश आम्ही सुचविणार नाहीं. चांगले शिक्षक लहान मुलांस आपले तळहात मांडीखालीं ठेवून विचार करावयास सांगतात. यांत खेळाचें शहाणपण आहे आणि नीतीचेंही. कारण पुष्कळसें असत्य हें उतावळ्या हाताचें अपत्य असतें. आणि दुसरी गोष्ट आपल्या हातची आहे. मूल खरें सांगून हरून आलें, तर त्या दिवशीं त्याच्या पाठीवर पडणारा हात जिंकलेल्या दिवसाइतकाच मोकळा असला पाहिजे. हें बोलण्यास सोपें आहे. आम्हांला साधलें नाहीं, हें वर सांगितलेंच आहे.

परततांना एस. टी. मध्यें आम्हीं नातवाला सांगितलें, कीं मघाशीं आमचें चुकलें. तुला घेऊन लगेच पंचांकडे जावयास हवें होतें. दोघांनीं सही केलेला निकाल, पंचांनीं अन्यथा ठरविल्याशिवाय, कायमच राहतो हें खरें. पण निदान त्या मुलाचा शब्द तरी खरा ठरला असता. तो खिडकीबाहेर पाहत होता. थोड्या वेळानें म्हणाला, "मग तेव्हां का नाहीं सांगितलंत?" याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढील दोन स्पर्धांत आम्हीं त्या मुलाला शोधलें. तो आला नव्हता.

गेल्या रविवारीं आम्ही आणि नातू घरीं डाव मांडून बसलों होतों. बोलतां बोलतां आम्हीं उंटाला हात घातला आणि मग दिसलें, कीं उंट हलला, तर दोन खेळ्यांत मात आहे. आम्हीं हात मागें घेतला. खोलींत तिसरें कोणी नव्हतें. नातवानें मान वर करून आमच्याकडे पाहिलें; बोलला मात्र कांहीं नाहीं.

आम्हीं उंट खेळलों. डाव गेला. त्यानें मोहरीं पुन्हां मांडावयास घेतलीं.