टाकसाळीची चूक

नाण्यात व्यंग दिसले, की जाणता संग्राहक ते व्यंग केवढे आहे हे आधी पाहत नाही. ते केव्हा आले, हे पाहतो. टाकसाळीत आले असेल तर नाण्याचे मोल वाढते. बाजारात आले असेल तर ते खराब नाणे, एवढेच.

१९५५ साली फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत एका ठशावरच आकृती किंचित सरकून दोनदा उमटली. त्या ठशाच्या सेंटवर साल आणि अक्षरे दुहेरी दिसतात, आणि हौशी लोक त्यासाठी मोठी किंमत मोजतात. कड तुटलेल्या नाण्याची परीक्षा आणखी सूक्ष्म. मूळ चकतीच अपुरी कापली गेली असेल, तर तुटीच्या बरोबर समोरची कडही बहुधा नीट उठत नाही. मागाहून कुणी कानस चालवली असेल, तर समोरची कड शाबूत राहते.

माणसाची पारख करताना ही समोरची कड कोण पाहतो? स्वतःच्या दोषाला आपण ‘माझा स्वभावच तसा’ म्हणतो. म्हणजे चूक टाकसाळीची! दुसऱ्याचा दोष मात्र त्याने स्वतःच ओढवून घेतलेला.

माझे वडील तापट होते. तो ताप जन्माचा होता की तीस वर्षांच्या चाकरीत लागलेल्या ठोकरांचा, हे त्यांच्या हयातीत मी एकदाही विचारले नाही. माझ्या तापटपणाला मात्र मी खुशाल त्यांचा ठसा म्हणतो.