गोधनासह आत या



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २५.

गोवर्धनाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ. करंगळी, डोंगर, सात दिवस. स्टेटसला ठेवायचं चित्रही ठरलेलं. आज मात्र सावकाश वाचताना मी अडकले ती डोंगर उचलण्याच्या आधीच. तिथे सोसाट्याचा वारा आहे, विजा आहेत, गारा आहेत. आणि त्यात आधी कोण कापतंय, तर जनावरं. शुकदेव महाराज आधी गुरांची थरथर सांगतात, मग थंडीने गारठलेल्या गोप-गोपींकडे येतात. ज्याच्या घरी गोठा आहे त्याला हा क्रम बरोबर वाटेल.

कालच्या अध्यायात कृष्ण नंदबाबांना म्हणाला होता की आपली ना नगरं, ना गावं, आपण रानात आणि डोंगरात राहणारी माणसं. हे वाचलं की मला वृंदावनाच्या आधी आमचा चंद्रपूर-गडचिरोलीचा पट्टा दिसतो. गडचिरोलीत तर तीन चतुर्थांशाच्या आसपास जंगलच. सकाळी ढोरकी गावातली सगळी ढोरं गोळा करतो, गोहन रानात नेतो, सांज झाली की परत आणतो. गुरं स्वतःची थोडी, लोकांची जास्त. दिवाळीत आमच्याकडे गायगोधन होतं तेव्हा याच माणसाचा मान असतो. उरलेलं वर्षभर त्याच्याकडे कोणी फारसं बघत नाही, हेही सांगून टाकते.

मे-जूनमध्ये दुपारपर्यंत ऊन भाजून काढतं आणि चारच्या सुमारास आभाळ एकदम काळं होतं. झाडाखाली थांबू नये, हे आपण शाळेत शिकलो. पण भर जंगलात झाडाखाली नाही तर कुठे थांबायचं? जनावरं तर पावसात एकमेकांना चिकटून तिथेच उभी राहतात. वीज झाडावर पडली की प्रवाह जमिनीतून चहूकडे पसरतो. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर असतं, त्यामुळे तो एका पायाने चढून छातीतून जाऊन दुसऱ्या पायाने उतरतो. म्हणून एका विजेत अख्खा कळप जातो आणि कधी कधी थोडं लांब पाय जुळवून बसलेला राखणारा वाचतो.

आमच्या गावाकडे असंच झालं होतं. वाचलेले काकाजी संध्याकाळी वेशीवर येऊन बसले होते. मागे गोहन नव्हतं, हातात नुसती काठी. मला म्हणाले, "कोनाच्या दारात आधी जाऊ, सांग माय." चार घरच्या गाई होत्या, एका विधवा बाईच्या बकऱ्या होत्या. त्या बकऱ्यांवर तिच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती. काकाजी प्रत्येक दारात गेले. एका घरी त्यांना पाणी मिळालं. एका घरी ऐकावं लागलं की कोणाचं तरी पाप असल्याशिवाय देव असं करत नाही.

त्या पापाबद्दल मला आज बोलायचं आहे, कारण हे वाक्य आपणही अगदी सहज बोलतो. भक्त म्हणवणारे तर जास्तच. पण अध्याय उघडून बघा ना. वादळ का आलं? इंद्राचा अहंकार दुखावला म्हणून. व्रजातल्या गाईंनी काय पाप केलं होतं? भागवत त्या वादळाला न्याय म्हणत नाही. आणि माणसं भिजून कृष्णाच्या पायाशी आली तेव्हा त्याने कोणाचं कर्म तपासलं नाही. तो म्हणाला, तुमचं गोधन घेऊन आत या. गुरं बाहेर ठेवून माणसं वाचवण्याचा विचारही तिथे नाही, कारण गुरं गेली तर गवळी वाचून करणार काय?

गुरांची ती थरथरही खरी असते. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे थंडीत अवकाळी पाऊस लागला आणि उघड्यावर बसलेल्या वाड्यांतल्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. लोकर भिजली की ऊब टिकत नाही, वर वारा सुटला की संपलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेत साउथ डकोटामध्ये हेच झालं: आधी पाऊस, मग हिमवादळ. गुरांना हिवाळ्याची दाट केसाळ कातडी अजून आली नव्हती, हजारोंनी गेली. तिथल्या पशुपालकांचं दुःख आमच्या ढोरक्याला भाषा न कळताही कळेल.

आता डोंगर कोण उचलणार? थोडा सरकारने उचललाय. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० रुपये मदत ठरवली होती. चार हजारांत बरी बकरी मिळत नाही, पण आहे ते मिळायलाही तलाठ्याचा पंचनामा आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांचा शवविच्छेदन अहवाल लागतो. दुःखाच्या भरात लोक जनावर पुरून मोकळे होतात आणि मग कागदच उरत नाही. जंगलात तर रात्री कलेवर जागेवर राहीलच असं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका सांगतं, पण रानात रेंज कुठे असते? सूचना दिसते ती गावात किंवा शहरात बसलेल्या आपल्याला. मग फोन लावायचा की रील बघायची, हा प्रश्न माझ्या जपापेक्षा लहान आहे असं मला वाटत नाही.

आणखी एक जागा दाखवते, याच स्कंधातला अध्याय १३. ब्रह्मदेवाने वासरं आणि गोपबालक लपवले तेव्हा कृष्णासमोर काकाजींचाच प्रश्न होता: रिकाम्या हाताने गावात जायचं कसं? तो स्वतःच ती सगळी वासरं झाला, ती सगळी पोरं झाला, आणि वर्षभर प्रत्येक आईच्या, प्रत्येक गाईच्या दारात संध्याकाळी वेळेवर परतला. मला हा प्रसंग डोंगराहून मोठा वाटतो. तुमचं काय?

त्या बाईच्या मुलीची फी पुढे गावातल्या भजन मंडळाने भरली. पाप काढणाऱ्या घरानेही वर्गणी दिली म्हणे. काकाजींनी त्या वर्षी गोहन नेलं नाही, पुढच्या वर्षी नेलं.

उद्या अध्याय २६ वाचू. सगळे गोप नंदबाबांना विचारतात, हा मुलगा नेमका आहे तरी कोण?