पारंपरिक म्हणजे कुणाचे?

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या हंगामात ट्रॅक्टर दिसण्याआधी त्यावरची गाणी ऐकू येतात. त्या कल्लोळात एखादी चाल अशी निघते, की दारात बसलेली वृद्ध स्त्री निवडटिपण थांबवून म्हणते, "ही तर आमची जात्यावरची!" तिच्या आईकडून तिला मिळालेली चाल गिटार, ढोलकी आणि यंत्राचा ताल चढवून परत आलेली असते. पूर्वी असे अल्बम कॅसेटवर येत, मग तबकडीवर, आता बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर वा भ्रमणध्वनीत येतात. वेष्टण बदलत गेले, पण त्यावरचा एक शब्द टिकून आहे: 'पारंपरिक'. त्या शब्दाने आम्हांला बरेच दिवस अस्वस्थ केले आहे.

आमची तक्रार गिटारीविरुद्ध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. 'अभंग रिपोस्ट' हा मुंबईच्या तरुणांचा चमू संतांचे अभंग रॉकच्या साजात गातो, आणि त्यामुळे अभंग बाटला असे आम्हांला वाटत नाही. आपल्या फादर स्टीफन्सनी तरी काय केले? याच भूमीतील ओवी उचलून त्यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले, आणि १६१६ मध्ये ते राचोल येथे छापले गेले. घेणे हे पाप नव्हे. घेतल्यानंतर देणाऱ्याचे काय केले, हा प्रश्न आहे.

बारामतीला नावाचे मोल ठाऊक आहे. कविवर्य मोरोपंत (१७२९-१७९४) येथेच कऱ्हेकाठी राहिले व येथेच त्यांच्या आर्या रचल्या गेल्या. त्याच गावात पहाटे जात्याशी बसलेल्या बायाही रचना करीत होत्या. पंतांजवळ विद्या होती, कागद होता, आश्रयदाता होता. बायांजवळ दळण होते. म्हणून पंत कवी ठरले आणि बाया 'परंपरा' ठरल्या. प्रतिभेचे मोजमाप मात्र कुणी केलेच नाही.

ते करण्याचा एक मोठा प्रयत्न पुण्यातून झाला. हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. गावे हजाराहून अधिक आणि गायिका तीन हजारांहून अधिक. पुढे 'पारी' या ग्रामीण जीवनाच्या संग्रहाने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. या कामात आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी शिस्त. ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा स्वर १९९६ मध्ये मुद्रित झाला. आज आपण त्यांना नावाने ओळखतो, कारण मुद्रण करणाऱ्यांनी नाव विचारले होते.

कायद्याचे म्हणाल, तर भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचे हक्क निर्मात्याकडे साठ वर्षे राहतात. गाणाऱ्याला सादरकर्ता म्हणून हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि व्यापारी वापरातील मानधनाचा वाटा त्याहून पुढे, २०१२ मध्ये. परंतु जिने चाल दिली आणि मुद्रणात स्वतः गायिली नाही, तिच्यासाठी या तरतुदींत जागा नाही. 'पारंपरिक' म्हटले की धनी उरत नाही, आणि धनी नसल्यावर चोरीही होत नाही!

दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा यांनी १९३९ मध्ये जोहान्सबर्ग येथे 'मबुबे' हे गाणे मुद्रित केले व नाममात्र रकमेवर हक्क विकले. अमेरिकी गायकांनी ते पारंपरिक समजून उचलले. पुढे 'द लायन स्लीप्स टुनाइट' या रूपात ते जगभर गाजले, बाजारात अमाप पैसा झाला, आणि लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच वारले. त्यांच्या मुलींना तडजोडीने काही न्याय मिळाला तो २००६ मध्ये. हक्क तर त्यांनी स्वखुशीने विकले होते, असे कुणी म्हणेल. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात नेमके हेच उत्तर अपुरे ठरविले आहे. गरजवंताने मान्य केला म्हणून मोबदला न्याय्य होत नाही. करारापूर्वीही न्याय असतो.

एका आक्षेपाला मात्र आम्ही सहज उत्तर देऊ शकत नाही. जात्यावरच्या बायांनी एकमेकींच्या ओव्या मोकळेपणाने घेतल्या, त्यांत आपल्या लेकरांची नावे गुंफली, आणि हिशेब कधी मागितला नाही. आज आपण मालकीचे कुंपण घातले तर तो झराच आटेल. यात तथ्य आहे. तरीही एकाच जात्याच्या खुंट्याला हात लावणाऱ्या दोघींची देवघेव निराळी, आणि ती ओवी बाजारात नेऊन विकणे निराळे. जुन्या करारात शेताचा कडेचा भाग व गळालेली कणसे गरिबांसाठी सोडण्याची आज्ञा आहे. रूथ त्याच हक्काने बवाजाच्या शेतात गेली. येथे उलट घडते. गरिबाने शतकानुशतके वेचून राखलेली मूठभर कणसे शेताचा धनी उचलून नेतो, आणि सातव्या आज्ञेची आठवण कुणालाच होत नाही.

आम्हांलाही झाली नव्हती. आमच्या परिचयाच्या एका धर्मग्रामाच्या गायनवृंदाने काही वर्षांपूर्वी भक्तिगीतांचा अल्बम काढला. त्यातील मरियामातेच्या गीताची चाल एका वयोवृद्ध बाईंनी स्वयंपाकघरात बसून म्हणून दाखविली होती. वेष्टणावर धर्मगुरूंचे नाव होते, वादकांची होती, ध्वनिमुद्रकाचे होते, देणगीदारांची तर ठळक अक्षरांत होती. चालीपुढे 'पारंपरिक'. तो मजकूर तपासणाऱ्यांत आम्ही होतो, आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून समाधानाने सही केली.

बाई आता नाहीत. मध्यंतरी त्यांच्या मुलीला भेटून आम्ही चूक कबूल केली. ती संकोचून हसली व म्हणाली, "नाव कशाला? आई रोज गातच होती की." पुढच्या आवृत्तीत ते नक्की छापू, असे आम्ही म्हणालो. ती थोडा वेळ थांबली. मग तिने विचारले, "पण कोणतं घालाल? सासरचं की माहेरचं? चाल तर तिने माहेराहून आणली होती."