नित्यकर्माची मोजदाद

मोबदला देऊन करवून घेतलेल्या कर्माचे मूल्य नेमके कोणत्या क्षणी निर्माण होते, हा प्रश्न वरवर हिशेबनिसाचा वाटला तरी मुळात तो कर्मविचाराचा आहे; कारण ‘काम झाले’ असे म्हणण्यापूर्वी कर्म कोठे सुरू होते, कोठे संपते आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते, याविषयी काही एक भूमिका आधीच घेतलेली असते. आधुनिक प्रकल्पव्यवस्थेत ही भूमिका ‘अर्न्ड व्हॅल्यू मॅनेजमेंट’ म्हणजे अर्जित मूल्य व्यवस्थापन या पद्धतीत दडलेली आढळते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये मोठ्या कंत्राटांसाठी खर्च आणि वेळापत्रक यांवरील नियंत्रणाचे जे निकष लागू केले, त्यांतून ही पद्धत रूढ झाली. तिच्यात तीन रकमा शेजारीशेजारी मांडल्या जातात: ठरलेल्या तारखेपर्यंत जेवढे काम व्हायला हवे होते त्याची अंदाजपत्रकी किंमत म्हणजे नियोजित मूल्य, जेवढे काम खरोखर झाले त्याची अंदाजपत्रकी किंमत म्हणजे अर्जित मूल्य, आणि त्यासाठी झालेला प्रत्यक्ष खर्च. समजा, १२ लाख रुपयांचा ठेका १२ महिन्यांचा आहे. सहा महिन्यांनंतर नियोजित मूल्य सहा लाख, काम एक तृतीयांश झालेले म्हणून अर्जित मूल्य चार लाख आणि खर्च पाच लाख असेल, तर काम दोन लाखांनी मागे आणि खर्चात एक लाखाने तुटीत आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. खर्च झाला म्हणजे काम झाले, या सरकारी कचेऱ्यांतल्या जुन्या भ्रमावर हा उतारा खरोखरच गुणकारी आहे.

परंतु ‘एक तृतीयांश काम झाले’ हे ठरवायचे कसे? उरण तालुक्यातील मोरा बंदरावर जेट्टी बांधायची असेल, तर खांब मोजता येतात, काँक्रीट घनमीटरमध्ये मांडता येते आणि अर्धवट जेट्टीही डोळ्यांना दिसते. त्याच मोऱ्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणारी प्रवासी लाँच मात्र मागे काहीच ठेवत नाही. सकाळची फेरी पार पडली की ती संपली, आणि दुपारच्या फेरीच्या वेळी तिचा कोणताही अंश शिल्लक नसतो. धक्क्यावरची सफाई, पहारा, तिकीटखिडकी, यंत्रांची देखभाल ही सारी कामे याच जातीची आहेत. अशा कामांसाठी अर्जित मूल्याच्या पद्धतीत ‘लेव्हल ऑफ एफर्ट’ नावाचा वेगळा कप्पा आहे. त्याचा अर्थ असा की जे काम वस्तुरूपाने मोजता येत नाही, त्याचे मूल्य काळ उलटला की आपोआप अर्जित झाले असे धरायचे. परिणामी या कप्प्यात नियोजित आणि अर्जित मूल्य नेहमी समान राहते, वेळापत्रकातील तफावत कायम शून्य दिसते, आणि ज्या सेवेत दररोज खाडे पडतात तिचाही अहवाल निर्दोष निघतो. सेवांच्या ठेक्यात बहुतेक काम याच कप्प्यात जात असल्यामुळे, जी पद्धत भ्रम दूर करण्यासाठी जन्मली तीच येथे भ्रमाला कागदोपत्री आधार देते.

हा पेच नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणात चाकरांच्या वेतनाविषयी एक छोटा पण मार्मिक वाद नोंदलेला आहे. पूर्वाचार्यांचे मत असे की चाकर कामावर हजर झाला आणि मालकाने त्याच्याकडून काम करवून घेतले नाही, तर ते काम झालेच असे मानावे. कौटिल्य हे मान्य करत नाही. त्याच्या मते वेतन केलेल्या कामाचे असते, न केलेल्याचे नसते, मात्र मालकाने थोडे काम करवून घेऊन पुढचे अडवले असेल तर ते सगळे झाले असे समजावे. खवळलेल्या समुद्रामुळे बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला आणि लाँच बंद राहिल्या, तर धक्क्यावर हजर असलेल्या खलाशाचा दिवस भरला की नाही, हा प्रश्न याच वादाचा आजचा अवतार आहे. पूर्वाचार्यांची बाजू माणुसकीची आहे आणि कौटिल्याची बाजू खजिन्याची आहे. तरीही या ठिकाणी पूर्वाचार्यच अधिक बरोबर वाटतात, कारण त्या दिवशी खलाशाकडून घेतलेली वस्तू फेरी नसून त्याची सिद्धता होती, आणि ती त्याने दिली होती.

याहून जवळचे उदाहरण मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, अनेकांनी मिळून केलेल्या व्यवहाराच्या प्रकरणात सापडते. यज्ञासाठी वरलेला ऋत्विज काम अर्ध्यावर सोडून गेला, तर केलेल्या कर्माच्या प्रमाणात त्याला वाटा द्यावा, असा तेथे नियम आहे. आणि सोळा ऋत्विजांची दक्षिणा कशी वाटावी याचा हिशेब टीकाकारांनी शंभर गायी धरून ४८, २४, १६ आणि १२ असा चार गटांत मांडला आहे. याच अध्यायात पुढे सामान्य मजुराचा विषय येतो, तेव्हा काम किंचित अपुरे राहिले तरी वेतन देऊ नये असे सांगितले जाते. ऋत्विजाला अंशतः मूल्य आणि मजुराला सर्व किंवा काहीच नाही, असा हा दुजाभाव आहे. मोरा ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्यातील महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी या ग्रंथाचे दहन झाले; अशा जिल्ह्यात हा दुजाभाव नजरेआड करून केवळ सोयीचा नियम उचलणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. मापनाचा नियम कोणावर कोणता लावायचा, हे ठरवण्यातच सत्ता असते.

खरी वैचारिक सामग्री मात्र मीमांसेत आहे. मीमांसा म्हणजे वेदविधींचा अर्थ लावण्याचे शास्त्र, आणि जैमिनीच्या सूत्रांत ऋत्विजांकडे मोबदला देऊन आणलेली माणसे म्हणूनच पाहिले आहे; दक्षिणा हा त्यांच्या श्रमांचा परिक्रय, म्हणजे मोबदला देऊन केलेली खरेदी, आहे, फळ मात्र यजमानाचे. वेतन आणि फळ यांची ही फारकत फार महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे श्रमाचा दाम ठरवण्यासाठी फळाची वाट पाहावी लागत नाही आणि दाम चुकता झाला म्हणून फळ मिळाले असेही म्हणता येत नाही. अर्जित मूल्याच्या परिभाषेत या दोन गोष्टी ‘मूल्य’ या एकाच नावाखाली मिसळल्या जातात. सहाव्या अध्यायात जैमिनी आणखी एक भेद करतो: एखाद्या इच्छेसाठी केलेले काम्य कर्म सर्व अंगांसह पूर्ण झाले तरच फळ देते, तर अग्निहोत्रासारखे जन्मभर चालणारे नित्य कर्म यथाशक्ती केले तरी पुरते. जेट्टी हे काम्य कर्म आहे. शेवटचा खांब उभा राहीपर्यंत तिचा उपयोग नाही. लाँचसेवा हे नित्य कर्म आहे. ती कधीच ‘पूर्ण’ होत नाही, फक्त चालू राहते किंवा खंडित होते. काम्यासाठी घडवलेले माप नित्याला लावणे, ही सेवांच्या ठेक्यांतील मूळ गल्लत आहे.

नित्य कर्माचे माप मग कोणते? भाट्ट मीमांसकांच्या मते ते न केल्याने प्रत्यवाय म्हणजे दोष लागतो, म्हणून त्याचे मोल संचयाने कळत नाही, खंडाने कळते. यावर शंकराचार्यांचा आक्षेप सुप्रसिद्ध आहे: न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू कशी जन्मेल? तैत्तिरीय भाष्यात त्यांनी दिलेले उत्तर असे की कर्म न करणे हे दोषाचे कारण नसून आधीच साचलेल्या दोषाची खूण आहे. मोरा बंदराचा गाळ हा या उत्तराचा जणू भौतिक दाखला आहे. गाळ काढला नाही म्हणून गाळ निर्माण होत नाही. तो भरती-ओहोटीबरोबर येतच असतो, आणि ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागू शकली नाही की आधीपासून साचत आलेले उघड होते. गाळ काढण्याच्या ठेक्यात उपसलेले घनमीटर मोजले जातात आणि तेवढे मूल्य अर्जित झाले असे लिहिले जाते. प्रत्यक्षात विकत घेतलेली वस्तू म्हणजे पाण्याची खोली, आणि ती घनमीटरच्या आकड्यात कोठेच दिसत नाही. म्हणून अशा ठेक्यात अर्जित मूल्याचा स्तंभ ठेवण्यापेक्षा चुकलेल्या फेऱ्यांचा आणि कमी भरलेल्या खोलीचा स्तंभ ठेवणे तर्कसंगत ठरेल. यावर गीतेतील फलत्यागाचा दाखला देऊन मोजमापच नाकारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की याच रायगड जिल्ह्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी सूतकताईवर उदरनिर्वाहाचा प्रयोग करताना सुताचा हिशेब काटेकोर ठेवला होता. फळावरील आसक्ती सोडणे म्हणजे कर्माची मोजणी सोडणे नव्हे.

एका ठिकाणी मात्र मीमांसेची चौकट अपुरी पडते. तिच्यात दक्षिणा देणारा आणि फळ भोगणारा हा एकच यजमान असतो, त्यामुळे खंड पडला की ज्याने पैसे दिले त्यालाच तो जाणवतो. सार्वजनिक सेवेत पैसे देणारे मंडळ एक आणि ओहोटीत खोळंबणारा प्रवासी दुसरा. देयकावर सही करणाऱ्याला खंडाची झळ लागत नाही आणि ज्याला लागते त्याची सही कोणी मागत नाही. वैदिक परंपरेत यावर सत्र नावाची एक व्यवस्था आहे, जिच्यात १७ ते २४ जण स्वतःच ऋत्विज आणि स्वतःच यजमान असतात, दक्षिणा नसते आणि फळ सर्वांना मिळते. कोकण किनाऱ्यावर मासळीची आवक वाट्यांनी वाटून घेणाऱ्या होडीचा व्यवहार तिच्याच जवळचा आहे, आणि तेथे अर्जित मूल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण रोजच्या प्रवाशांना सत्रात सामील करून घेता येत नाही. परिक्रय अटळ आहे, म्हणून खंडाच्या नोंदवहीवर ठेकेदार आणि अभियंता यांच्या जोडीने प्रवाशांच्या प्रतिनिधीची सही असावी, आणि त्या सहीशिवाय महिन्याचे देयक निघू नये, एवढी अट तरी ठेक्यात घालता येते. ती घालण्यास कोणत्याही शास्त्राचा विरोध नाही, विरोध असेल तर तो सोयीचा असेल.