बागुलबुवा आणि बालवाडी

मुलाला जेवू घालायचे असो, झोपवायचे असो की उंबऱ्याच्या आत ठेवायचे असो, मोठ्या माणसांनी शोधून काढलेले सर्वांत स्वस्त साधन म्हणजे बागुलबुवा. आमच्या लहानपणी शेजारच्या ओट्यावर मुलाला भरवताना सांगितले जाई, "जेव लवकर, नाही तर फकीर झोळीत घालून नेईल." दर गुरुवारी लोबानाचा धूर आणि मोरपिसांचा कुंचा घेऊन गल्लीत येणारा तो फकीर आम्हांला चांगला ठाऊक होता. मुलाची दृष्ट काढायची झाली की त्याच ओट्यावर त्यालाच थांबवले जाई. आमच्या घरात फकिराची भीती चालण्यासारखी नव्हती. तिथे "चुप बैठ, पुलिस आएगी" म्हटले की भागत असे. दोन्ही घरांतली मुले निमूट जेवली. पण घासाबरोबर पोटात आणखी काय गेले, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

तो हिशेब मांडण्याची पहिली जागा बालवाडी आहे, असे आम्हांला वाटते. घराचा उंबरा ओलांडून मूल तिथेच प्रथम परक्याच्या शेजारी मांडी घालून बसते. परका आपला कसा होतो आणि आपला परका कसा होतो, या प्रश्नाचे मूळ तिथे आहे.

काही वर्षांपूर्वी एका मिश्र वस्तीतील बालवाडीत आम्ही सकाळभर बसलो होतो. घरी दखनी बोलणारा एक मुलगा पहिल्याच दिवशी दाराशी उभा राहून रडत होता. "मेरेकु घर जाना" एवढेच त्याचे म्हणणे. बाईंनी चुरमुरे पुढे केले. तो म्हणाला, "नको." मातीचे लाडू वळत बसलेली एक मुलगी चमकून म्हणाली, "बाई, ह्याला आपलं बोलता येतं!" 'नको' हा शब्द मराठीचा तसा दखनीचाही आहे, हे तिला कोण सांगणार? ती उठली, त्याच्या हातावर मातीचा लाडू ठेवला आणि म्हणाली, "हा खायचा नाही, खाल्ल्यासारखं करायचं." त्याने तसे केले आणि रडणे थांबले.

या प्रसंगात दया कुठे संपते आणि कल्पना कुठे सुरू होते, हे आम्हांला सांगता आले नाही. मातीला लाडू मानणे आणि दुसऱ्याचे रडे आपले मानणे, या दोन्ही गोष्टी तिने एकाच शक्तीने केल्या. जे समोर नाही ते मनाने पाहणे, हीच ती शक्ती. ज्याला दुसऱ्याच्या जागी स्वतःला पाहता येत नाही, त्याला कितीही सुविचार पाठ करायला लावा, तो दयाळू होत नाही.

मग प्रश्न असा, की मुलांची कल्पनाशक्ती फुलवली म्हणजे झाले का? इथे घाई करून चालणार नाही. बागुलबुवा हीसुद्धा कल्पनाच आहे.

बालशिक्षणाच्या आचार्यांतही या बाबतीत एकमत नव्हते. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. खेळ हेच मुलाचे शिक्षण, असे तो मानी. प्रशियाच्या सरकारला त्यात नास्तिकपणाचा वास आला आणि १८५१ मध्ये त्याने बंदी घातली. ती १८६० मध्ये उठली. खेळणाऱ्या मुलाचीही सत्तेला भीती वाटू शकते!

१९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसोरी यांचा मात्र लहान वयातील परीकथांवर आक्षेप होता. मूल परीवर विश्वास ठेवते, ती त्याची कल्पना नसून मोठ्यांच्या कल्पनेवर त्याने ठेवलेला भाबडा विश्वास असतो, असे त्यांचे म्हणणे. उलट, भावनगरच्या बालमंदिरात १९२० पासून माँटेसोरी पद्धत रुजवणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी गोष्टीला मानाचे स्थान दिले. गोष्टीवाचून बालमंदिर त्यांना मान्य नव्हते.

दोघांपैकी खरे कोण? आमच्या मते दोघेही. मुलाला ज्या गोष्टीत हात घालता येतो, राक्षसाला जेवायला बोलावता येते, शेवट बदलता येतो, ती गोष्ट कल्पनेला बळ देते. पण जी बदलायची सोय नाही, जी नुसती खरी मानायची, ती माँटेसोरीबाई म्हणतात तसा भाबडेपणा वाढवते. बागुलबुवा या दुसऱ्या जातीचा. मोठेपणी तो अंगावरचे कपडे बदलतो, कधी टोपी घालतो, कधी टिळा लावतो, पण त्याच्यावर शंका घ्यायची नाही ही अट तीच राहते.

दयेच्या बाबतीतही एक सावधगिरी हवी. 'गरिबांना मदत करा' असे भिंतीवर लिहिले की देणारा वर आणि घेणारा खाली, हेही मूल शिकते. या बाबतीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम आम्हांला फार मोलाचे वाटते. बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाईंनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. महागडी माँटेसोरी साधने तिथे कुठून येणार? खडे, बिया, शिंपले, पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांना आळशी न ठरवता त्या बालवाडी त्यांच्याच अंगणात घेऊन गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. कडेवर धाकटे भावंड, पोटात भूक आणि पुढे गुरे असताना मूल शाळेत कसे येईल, हे त्यांनी त्याच्या जागी उभे राहून पाहिले. शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. त्यामागचे मनही गेले का, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या अंगणवाडीत डोकावून पाहावे.

आता थोडे आमच्या स्वतःच्या घराविषयी. मुंबईत १९९२-९३ च्या दंगली झाल्या, त्यानंतर आमच्यातील कितीतरी आयांनी मुलांना शिकवले, "गाडीत मला अम्मी म्हणू नको, आई म्हण." त्या आयांना आम्ही दोष देणार नाही. जीव वाचवण्यापुढे तत्त्वज्ञान थिटे पडते. पण सावधपणा आणि बागुलबुवा यांत फरक आहे, तो विसरता कामा नये. 'अनोळखी माणसाबरोबर जाऊ नको' हा सावधपणा. तो वागणुकीविषयी सांगतो. 'त्यांच्या पोरांत खेळू नको' हा बागुलबुवा. तो माणसांविषयी सांगतो. पहिल्याने मूल जपले जाते, दुसऱ्याने ते आतून एकटे पडते. दुसऱ्यांच्या ओट्यावर आमचा बागुलबुवा होतो याचे दुःख आम्ही बोलून दाखवतो. आमच्या ओट्यावर कोणाचा होतो, हेही बोलले पाहिजे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला स्थान दिले. कागदावर हे चांगले आहे. पण घरी आलेल्या मुलाला आपण काय विचारतो? "आज काय लिहिलंस?" "आज कोणाबरोबर खेळलास?" असे विचारणारे घर विरळा. हा दुसरा प्रश्न रोज विचारला, तर मुलाला कळेल की या घरात त्यालाही किंमत आहे.

आणि बागुलबुवाचे काय करायचे? त्याला हाकलू नये, मुलांच्या ताब्यात द्यावे. बालवाडीच्या बाईंनी एवढेच विचारावे, "सांगा पाहू, त्याच्या झोळीत काय असेल?" कोणी साप सांगेल, कोणी चॉकलेट, कोणी मोर. झोळी उघडता आली की भीती उरत नाही. आमच्या गल्लीतल्या फकिराच्या झोळीत ज्वारीचे पीठ असे. शेजारच्या ओट्यावरचे आणि आमच्या घरचे, एकत्र मिसळलेले.