कडीतलं बोट

पिस्टन म्हटलं की इंजिन आठवतं. पेट्रोल भडकतं, पिस्टन खाली रेटला जातो आणि चार स्ट्रोकपैकी त्या एका रेट्यावर उरलेले तीन निभावतात. लग्नाच्या बँडमधल्या ट्रंपेटवरही तीन पिस्टन असतात, पण ते काहीच रेटत नाहीत. फुंक वादकाची, कंप त्याच्या ओठांचा. बोटाने पिस्टन दाबला की त्याच्या अंगातली भोकं सरकतात आणि हवेला बाजूच्या नळीतून वळसा पडतो. वाट लांबली, सूर उतरला. नाव पिस्टनचं, काम व्हॉल्व्हचं!

हे व्हॉल्व्ह येण्याआधी ट्रंपेटमधून मोजकेच स्वर निघत. पट्टी बदलायची तर नळीचा तुकडा काढून दुसरा बसवायचा. श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघा जर्मनांनी १८१८ साली व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. पुढे वीसेक वर्षांनी पॅरिसच्या पेरिनेने त्याला जो घाट दिला, तोच थोड्याफार फरकाने आजही चालतो.

मला मात्र गंमत वाटते ती या यंत्रातल्या न सुटलेल्या हिशेबाची. नेहमीच्या ट्रंपेटची नळी साधारण १४८ सेंटिमीटर. पहिला व्हॉल्व्ह तीत सुमारे १८ सेंटिमीटरची भर घालतो, तिसरा २८ची. एकेकटे दोघेही चोख. दोन्ही एकदम दाबले की बेरीज ४६ होते, आणि त्या सुराला हवेत साडेएकोणपन्नास. कारण तिसऱ्याची नळी मूळ लांबीच्या मापाने कापलेली असते, पहिल्याने वाढवलेल्या लांबीच्या नव्हे. सूर चढा लागतो. तिन्ही दाबले तर तूट सहा सेंटिमीटरच्या वर जाते. तिसरी नळी आधीच लांब ठेवावी, तर ती एकटी वाजताना बेसूर. म्हणून तिच्यावर एक कडी असते. डाव्या हाताची अनामिका तीत घालून वादक ऐन वेळी नळी बाहेर सरकवतो. द्रुत लयीत तेवढी उसंत नसली की ओठ सैल करून सूर खाली आणतो. कारखान्याने सोडलेलं काम रोज उठून माणसाने पुरं करायचं, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

इंजिनातही असंच काही मोकळं सोडावं लागतं. धातू तापून लांबतो, म्हणून व्हॉल्व्हच्या टोकाशी केसाएवढी फट ठेवतात. फट उरलीच नाही तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, गळतो आणि जळतो. जास्त झाली तर टकटक ऐकून मेकॅनिक म्हणतो, ‘टॅपेट सेट करावे लागतील.’ आताशा बऱ्याच गाड्यांत ही फट हायड्रॉलिक टॅपेट तेलाच्या दाबावर आपलं आपण सांभाळतात. ट्रंपेटवाल्याला अजून कडीत बोट घालावं लागतं.